एक लिटर मरीन तेल

लोक जावई बघताना पगार बघतात, घर स्वतःचं की भाड्याचं ते बघतात. खाडीकाठच्या मोरवा गावच्या बाबाजींनी माझी परीक्षा घेतली ती तेलावर. खायच्या नव्हे, इंजिनाच्या.

तशी ती परीक्षा मी ओढवूनच घेतली होती. काशीगावात हायवेला लागून आमच्या मालकांचं ऑइलचं दुकान आहे आणि मी नऊ वर्षं त्याच्या काउंटरवर उभा आहे. तेलाबद्दल कुणी अडाण्यासारखं बोललं की माझं डोकं फिरतं. माणसं मोबाइलचं कव्हर निवडायला तासभर घालवतात आणि इंजिनाच्या तेलाला म्हणतात, "कोई भी दे दो, भैया." अशा गिऱ्हाइकाला मी आधी भाषण देतो, मग तेल देतो. मालक वैतागून विचारतात, "पराग, तू दुकान चालवतोयस की क्लास?"

स्वप्नाली, म्हणजे बाबाजींची मुलगी, स्कूटरचं तेल घ्यायला आली होती. मी भाषणाला सुरुवात करणार, तेवढ्यात तिने ग्रेड सांगितली आणि किती मिलिलिटर लागतं तेही सांगितलं. "तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं. ती म्हणाली, "मॅन्युअलमध्ये लिहिलंय." नऊ वर्षांत मॅन्युअल वाचलेलं हे पहिलं माणूस! मी तिथेच गार झालो. पुढे दीड वर्षाने तिने घरी माझं नाव काढलं.

बाबाजींना मी पसंत नव्हतो. "जेसल पार्कच्या बिल्डिंगीतला पोरगा, त्याला खाडीचं काय म्हायती हाय?" असं त्यांचं म्हणणं. आम्ही मूळचे रत्नागिरीचे आहोत, असं स्वप्नालीने सांगून पाहिलं. पण समुद्र फक्त मोरव्यालाच आहे आणि रत्नागिरीवाले तो नकाशात बघतात, अशी त्यांची समजूत असावी.

त्याच सुमारास त्यांच्या होडीचं अठ्ठावीस वर्षांचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन एकदाचं बसलं. होडीच्या मागे नवीन फोर-स्ट्रोक इंजिन आलं आणि बाबाजी थेट आमच्या दुकानात हजर झाले. सोबत त्यांचा भाचा निहार. आल्या आल्या म्हणाले, "आमची सपना म्हनते तुला तेलातलं लई कळतं. नव्या इंजिनाला तेल दे. रईवारी पूजा करून होडी काढनार हाय. तूपन ये. होडी नीट चालली तर तुमच्या लग्नाचं बोलू. न्हाय चालली तर..." पुढचं त्यांनी हाताने सांगितलं.

मी तोंड उघडायच्या आत निहार म्हणाला, "मामा, फुल सिंथेटिक रेसिंग घ्या. माझ्या बाइकमध्ये तेच आहे."

हा निहार काशीमिऱ्यापर्यंत ओळखीचा आहे. व्हिडिओ बघून त्याने आपल्या महागड्या स्पोर्ट्स बाइकमध्ये कारचं सिंथेटिक तेल घातलं होतं. बाइकचा क्लच तेलात बुडालेला असतो. कारचं निसरडं तेल मिळाल्यावर तो पकडच घेईना. सिग्नल सुटला की निहारचं इंजिन वाघासारखं ओरडायचं आणि बाजूने रिक्षा पुढे जायच्या. हे सगळं मी त्याच्यासमोर बाबाजींना सांगितलं. मग होडीवर आलो. कार उतारावर दम घेते, होडीचं इंजिन तासन् तास भार ओढत राहतं. वर खारी हवा, आतून गंज. म्हणून सिंथेटिक घ्यायचं तर मरीनचंच, डब्यावर एफसी-डब्ल्यू, म्हणजे होडीच्या फोर-स्ट्रोकसाठी पास, असं छापलेलं. दहा-डब्ल्यू-तीस म्हणजे काय, ऊन चढल्यावर तेल पातळ का होत नाही, सगळं सांगितलं. दोन वेळा चहा झाला. निहार बाहेर जाऊन बसला. बाबाजी शेवटपर्यंत ऐकत राहिले, डबा काखेत मारला आणि म्हणाले, "बोलतोस लई."

रविवारी सकाळी भरतीला मी मोरव्याला पोचलो. विमलाकाकूंनी, म्हणजे स्वप्नालीच्या आईने, इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. होडीत बाबाजी, काकू, स्वप्नाली, निहार आणि मी. काठावर शेजारचे दशरथकाका आपली होडी धूत मुद्दाम रेंगाळत होते. बाबाजींनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. स्वप्नालीने माझ्याकडे बघून हळूच हसून घेतलं, आणि मी मनातल्या मनात साखरपुड्याचा हॉलसुद्धा बुक केला.

खाडीच्या मध्यावर गेल्यावर धूर आला. आधी थोडा, मग एवढा की काकूंच्या हातातलं आरतीचं ताट दिसेना. इंजिन खोकलं, अडखळलं आणि बंद पडलं.

काठावरून दशरथकाका ओरडले, "बाबाजी, होडी हाय की म्युनिसिपालिटीची मच्छर मारायची गाडी?"

"बोललो होतो मामा," निहार लगेच म्हणाला, "रेसिंगचं घ्या म्हणून!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताडकन उठलो. माझं तेल आणि असा धूर? शक्यच नाही. इंजिनाचं झाकण काढलं, तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल अगदी खुणेपर्यंत, मधासारखं स्वच्छ. हे तेल इंजिन बसवायला आलेल्या मेकॅनिकनेच भरलं असणार. मग माझं लिटरभर तेल गेलं कुठे? पेट्रोलच्या टाकीचं बूच उघडून बोट बुडवलं. पेट्रोल कसलं, पाकच होता तो.

टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल पेट्रोलातच घालतात. बाबाजी अठ्ठावीस वर्षं स्टीलच्या ग्लासाने मोजून तेच करत आले होते. फोर-स्ट्रोकचं तेल इंजिनाच्या पोटात वेगळं राहतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि इंजिन नवीन, लाडाचं, म्हणून या वेळी ग्लास न मोजता दहा लिटर पेट्रोलात अख्खा डबा!

जिभेवर वाक्य तयार होतं. मी मान वर केली. बाबाजी माझ्या ओल्या बोटाकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. ज्या माणसाला सगळं मोरवा गाव खाडीतला वाकबगार मानतं, त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. शेजारी बायको, मुलगी, भाचा, काठावर दशरथ.

"काका," मी म्हणालो, "माझी चूक झाली."

आयुष्यात तेलाबद्दल मी हे वाक्य पहिल्यांदा म्हणालो. काकूंनी ताट खाली ठेवलं. स्वप्नालीने वाकून टाकीत बघितलं, वास घेतला आणि तिचा चेहरा लाल झाला. "अहो बाबा, हे तर..." मी तिला मानेनेच नको म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, लग्न आता दोन्हीकडून मोडलं.

दशरथकाकांनी ओढून न्यायची तयारी दाखवली, बाबाजींनी ती धुडकावली. एक वल्हं त्यांनी घेतलं, एक मला दिलं. मला वल्हवता येत नाही. अर्धं पाणी मी निहारच्या पँटवर उडवलं आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटलं नाही.

काठ आला तशी मंडळी उतरली. बाबाजींनी मला होडीतच थांबवलं.

"तुला कळला व्हता ना, कुनाचा घोटाळा हाय त्यो?"

"हो."

"दुकानात चहा थंड होईस्तोवर बोललास. हितं का न्हाय बोललास?"

"दुकानात तुम्ही गिऱ्हाईक होतात," मी म्हणालो. मग जे खरं होतं तेही सांगितलं, "आणि चूक माझीसुद्धा आहे, काका. एवढं बोललो, पण तेल ओतायचं कुठे ते सांगितलंच नाही. तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चाललो."

वर काठावर निहार दशरथकाकांना मोठ्याने सांगत होता, "डुप्लिकेट माल विकतो हा माणूस, म्हणून तर..."

बाबाजी होडीतून उतरले, चिखल तुडवत वर गेले आणि सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले.

"तेल बराबर हाय," ते म्हणाले. "मी पेट्रोलात ओतलं. मना ठाव नव्हतं."

दशरथकाकांनी आ वासला. विमलाकाकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी बहुधा ऐकलं नव्हतं. बाबाजी माझ्याकडे वळले.

"पुढच्या रईवारी आईबापाला घेऊन ये. आनि त्यांच्यासमोरच मना दाखव, तेल कुठं ओततात त्ये."

तेलाच्या पट्टीबद्दल, पहिल्यांदा तेल कधी बदलायचं त्याबद्दल मला कितीतरी सांगायचं होतं. मी फक्त "हो" म्हणालो.