बिनआवाजाची घरघंटी

उर्वी लोवलेकर रत्नागिरीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. यंत्रांची कंपनं हा तिचा विषय. डॉक्टरेट त्यातच केलेली, आणि एकदा त्या नादाला लागलेलं माणूस सुटत नाही म्हणतात तसं तिचं झालं होतं. एसटीत बसली तरी गाडीचा कुठला भाग खिळखिळा झालाय ते तिला सीटखालून कळायचं. लग्न केलं नव्हतं. शिवाजीनगरातल्या फ्लॅटमध्ये ती आणि तिची आई, दोघीच राहायच्या. आई म्हणजे उमाताई, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत श्रीपती सुर्वे यांचा घरघंट्यांचा छोटा कारखाना होता. त्यांची घरघंटी दळायची चांगली, पण चालू केली की ओट्यावरची भांडी वाजायची आणि खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन वर यायचे. शहरात सगळीकडे फ्लॅट झाल्यावर हा माल खपेना. सुर्वे कॉलेजात आले.

"मॅडम, कायतरी करा. हिचा थयथयाट तेवढा बंद करा," ते उर्वीला म्हणाले.

कॉलेजनं हे काम संशोधन म्हणून हाती घेतलं आणि दोघींवर सोपवलं. यंत्राचं उर्वीकडे. गिऱ्हाईक ते कसं वापरतं, काय बघून घेतं, का परत करतं, हे मॅनेजमेंट विभागातल्या भार्गवी शेट्येकडे. उर्वीला आनंदच झाला. भार्गवी तिची कॉलेजातली एकुलती एक जवळची मैत्रीण होती. मूळची राजापूरची, इथे खोली घेऊन राहायची, आणि रविवारी सकाळी हमखास उर्वीच्या घरी घावन खायला यायची. घावनाचं पीठ उमाताई घरीच दळत. सुर्व्यांचंच जुनं, थरथरणारं मॉडेल त्यांच्या स्वयंपाकघरात होतं.

उर्वीनं ते काम मनापासून केलं. आतलं फिरणारं पातं नव्यानं तोलून घेतलं, मोटरखालचा पत्रा बदलला, रबराची बुडं बसवली. पुन्हा पुन्हा मोजलं, पुन्हा पुन्हा उघडलं. शेवटी एके दिवशी चालू घरघंटीच्या झाकणावर तिनं पाण्यानं भरलेला पेला ठेवला, तर पाणी हललंसुद्धा नाही. आवाज तर जवळ कान नेला तरच यायचा. सुर्व्यांनी हात जोडले. त्या आठवड्यात उर्वीनं घरातली जुनी घरघंटी माळ्यावर टाकायला लावली आणि नवी आईच्या ओट्याशेजारी आणून ठेवली.

"बघ, तुझ्यासाठी पहिली," ती म्हणाली.

उमाताईंनी तिच्याकडे बघून मान डोलावली. "छान आहे गो," म्हणाल्या.

नव्या घरघंट्या काही घरांत वापरून बघायला दिल्या होत्या. रत्नागिरीत, राजापुरात, नाटे गावातल्या दोन-तीन घरांत. भार्गवी घरोघर जायची, बायकांशी बोलायची, त्या दळत असताना बाजूला बसून राहायची. बहुतेकींना नवी घरघंटी आवडली होती. उमाताईंकडेही ती एका दुपारी गेली. उर्वी तेव्हा कॉलेजात होती.

मग एक दिवस उर्वी लवकर घरी येत होती, तर माळनाक्यावरच्या गिरणीसमोर तिला आई दिसली. हातात तांदळाचा डबा, रांगेत उभी. उर्वीच्या अंगाचा तिळपापड झाला. रिक्षा थांबवून ती उतरली.

"आई! घरात घरघंटी असताना तू इथे काय करतेयस?"

उमाताई दचकल्या. "तांदूळ दळायचे आहेत," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंय मला. घरी का नाही दळत?"

"हो, मंगळवारी गिरणी बंद असते," उमाताई म्हणाल्या.

उर्वीनं कपाळावर हात मारला. आई हल्ली असंच करायची. विचारलं एक तर उत्तर भलतंच. फोन उचलायची नाही, भजनाला जाणं सोडलं होतं, टीव्ही लावला तर आवाज बंद करून खालच्या पट्टीवरच्या बातम्या वाचत बसायची. वय झालं की माणूस हटवादी होतं, अशी समजूत उर्वीनं करून घेतली होती. घरी आल्यावर ती त्या नव्या घरघंटीबद्दल एक अक्षर बोलली नाही. आपल्या आईलासुद्धा आपल्या कामाची किंमत नाही, हे तिला फार लागलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात सुर्व्यांच्या ऑफिसात तिघांची बैठक झाली. भार्गवीनं काय काय दिसलं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "एक बदल करावा असं मला वाटतं. आतलं धान्य संपलं की बाहेर कळलं पाहिजे. झाकणाला हात लावल्यावर थोडी थरथर जाणवू दे, किंवा मग साधा दिवा लावा."

"का? आवाज बदलतो की," उर्वी म्हणाली. "धान्य संपलं की बारीक शीळ वाजल्यासारखी येते."

"सगळ्यांना ती ऐकू येत नाही, उर्वी. झाकण उघडलं की मोटर बंद पडते, म्हणून मध्येच कुणी उघडून बघत नाही. मग घंटी रिकामीच फिरत राहते. एकीची तापली, जळल्याचा वास सुटला. घाबरली बिचारी. तेव्हापासून हात लावत नाही."

सुर्वे चुळबुळले. "दिवा म्हणजे वायरिंग आलं, मॅडम. साचा बदलायला हवा."

उर्वीनं विचारलं, "किती जणी असं म्हणाल्या?"

"एक," भार्गवी म्हणाली.

"एक?" उर्वी हसली. सुर्व्यांकडे बघून हसली, हे भार्गवीला जास्त लागलं असणार. "एका बाईसाठी मी परत थरथर घालू? ती काढण्यात माझी दोन वर्षं गेली. याला तुम्ही मॅनेजमेंटवाले संशोधन म्हणता?"

"तू स्वतः एकदा उभी राहून बघ ना, एखादी दळत असताना."

"माझ्या घरात आहे घरघंटी. मी रोज स्वयंपाकघरात असते."

"मग नीट बघ," भार्गवी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा लाल झाला होता. आणखी काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं, पर्स उचलली आणि ती निघून गेली.

उर्वीला तो टोमणा वाटला. रविवारी भार्गवी घावन खायला आली नाही, आणि उर्वीनंही बोलावलं नाही. संशोधनाचा निबंध परिषदेला पाठवायची वेळ आली तेव्हा उर्वीनं गिऱ्हाइकांचा सगळा भाग काढून टाकला. त्याबरोबर भार्गवीचं नावही गेलं. आपण फक्त यंत्राबद्दल लिहितोय, तेव्हा यात गैर काही नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. निबंधाचं कौतुक झालं. भार्गवीनं एका शब्दानं विचारलं नाही. सत्र संपल्यावर तिनं गोव्यातल्या एका कॉलेजात नोकरी धरली. निरोप समारंभात दोघी एकमेकींपासून लांब बसल्या होत्या.

त्यानंतरच्या गणपतीच्या आधीची गोष्ट. परीक्षेचं काम लवकर आटपलं म्हणून उर्वी दुपारीच घरी आली. किल्लीनं दार उघडलं तर घरभर घरघराट चालू होता. जुनी घरघंटी आईनं कुणाकडून तरी माळ्यावरून काढून घेतली होती. उमाताई दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. मान खाली, आणि उजव्या हाताचा तळवा झाकणावर सपाट ठेवलेला.

"आई," उर्वीनं हाक मारली. मग मोठ्यानं, "आई, मी आलेय!" मग अगदी पाठीमागे जाऊन, ओरडून, "आई!"

उमाताई हलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांचा तळवा किंचित उचलला गेला, परत टेकला, आणि त्यांनी बटण बंद केलं. थरथर बदलली होती, दाणे संपले होते. घरात एकदम शांत झालं. त्या शांततेत उर्वीनं पुन्हा हाक मारली, नेहमीच्या आवाजात. तरीही आई डब्याचं झाकण लावत राहिली.

उर्वीनं तिच्या खांद्याला हात लावला. उमाताई केवढ्यानं तरी दचकल्या. वळल्या, आणि लेकीचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं. त्या स्टुलावर बसल्या.

उर्वी त्यांच्यासमोर खाली बसली. "कधीपासून?"

उमाताई तिच्या ओठांकडे बघत होत्या. "तू डॉक्टरेट करत होतीस ना, तेव्हापासून हळूहळू. गेल्या दोन वर्षांत फारच."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तू दमून यायचीस. मग म्हटलं, लेक शिकलेली आहे, तिच्या लक्षात येईल आपणहून. आणि लाजही वाटायची गो. माझ्या आईला गावात सगळे बहिरी म्हणून हाक मारायचे. तिच्या तोंडावर. तिला कुठे ऐकू यायचं!"

"भार्गवीला माहीत होतं?"

"तिला सांगितलं मी. कुणाला बोलू नको म्हणून शपथ घातली. ती इथे येऊन बसली आणि मला विचारलं, काकू, ही तुम्हाला का आवडत नाही? माझ्याकडे तोंड करून, सावकाश विचारलं." उमाताईंनी पदरानं हाताचं पीठ पुसलं. "तू नवीन आणून ठेवलीस तेव्हा म्हणालीस बघ, ही तुझ्यासाठी. तसं काहीतरी म्हणालीस ना? तू तेव्हा घरघंटीकडेच बघत होतीस. मला नीटसं कळलं नाही."

उर्वीला रडू फुटलं. उमाताई तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. चार-पाच वर्षांपूर्वी यायला हवं होतं, म्हणाले. आता यंत्रानं आवाज येईल, पण मेंदूची शब्दांची सवय सुटत चाललीय, बोलणं स्पष्ट कळेलच असं नाही. तसंच झालं. यंत्र लावल्यावर उमाताईंना कुकरची शिट्टी, कावळे, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न सगळं ऐकू येऊ लागलं, आणि माणसांचं बोलणं मात्र भांड्यात खडे हलवल्यासारखं. दुपारभर लावून त्या ते काढून ठेवत.

उर्वी सुर्व्यांकडे गेली आणि दिवा बसवायला लावला. धान्य संपलं की झाकणावर तांबडा दिवा लागायचा. काम काही मोठं नव्हतं. ते सुर्व्यांच्या माणसांनी सहज करून टाकलं, आणि इतकं सोपं होतं हे बघून उर्वीला अधिकच वाईट वाटलं. नव्या घरघंट्या बऱ्या खपू लागल्या. सुर्वे येता-जाता तिचं नाव घेत. हे भार्गवी मॅडमनी सुचवलं होतं, असं ती दर वेळी सांगायची, आणि ते "हो हो" म्हणून पुढे बोलायचे.

एका दुपारी तिनं गोव्याला फोन लावला.

"भार्गवी, मी फार चुकले. आईचं कळलं मला. आणि निबंधाचंही. मी परिषदेला लिहून तुझं नाव..."

"राहू दे आता," भार्गवी म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. परक्या माणसाशी बोलावं तसा होता. "काकू कशा आहेत?"

उर्वीनं सांगितलं.

"मी तेव्हा शपथ मोडायला हवी होती," भार्गवी म्हणाली. "बैठकीत तू हसलीस नसतीस तर कदाचित बाहेर येऊन सांगितलंही असतं." मग तिचा तास होता, म्हणून तिनं फोन ठेवला. सणासुदीला दोघींचे मेसेज जातात. रत्नागिरीला ये, असं उर्वी लिहिते. बघते, असं उत्तर येतं.

आता कॉलेजातून आल्यावर उर्वी दिवा लावून आईसमोर खुर्ची ओढून बसते. तोंडावर उजेड येईल अशी बसते आणि दिवसभराचं सावकाश सांगते. उमाताईंना निम्मं कळतं. कळलं नाही तर त्या आता हो म्हणत नाहीत, परत सांग म्हणतात.

परवा उर्वीनं विचारलं, "मधल्या वर्षांत तुला मला काही सांगायचं असेल ना, आई? राहून गेलेलं?"

उमाताईंनी तिला ते दोनदा म्हणायला लावलं. मग बराच वेळ विचार केला.

"होतं गो पुष्कळ," त्या म्हणाल्या. "आता आठवत नाही."