दाराआडची लाल पिशवी

मित्रांनो, मी दाराआडच्या खिळ्यावर लटकणारी एक जुनी लाल पिशवी आहे. भाजी आणणारी नव्हे हं! घरात मला ‘संकटाची पिशवी’ म्हणतात. आमचं घर नदीकाठी. एकदा पुराचं पाणी उंबरठ्याला लागून गेलं, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या आईने मला जाड कापडातून शिवलं. पोटात बॅटरी, सेल, दोरी, मलमपट्टी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि एक शिट्टी. काय माझा थाट! शेजारीपाजारी मला बघायला यायचे.

आजीला कमी दिसतं. रोज संध्याकाळी ती मला खिळ्यावरून काढून हातात तोलायची आणि म्हणायची, “आहे बाई जड. आता काळजी नाही.”

पुढे सामान जुनं झालं. ते बदलायला बाबा दुकानात गेले आणि हात हलवत परतले.

“अगं, पुराच्या धास्तीने सगळ्यांनाच हे हवंय. भाव नुसते भडकलेत! तयार पिशवीचं तर नावच काढू नकोस.”

“राहू दे. पुढच्या महिन्यात बघू,” आई म्हणाली.

तो पुढचा महिना काही उजाडला नाही. उलट घड्याळ बंद पडलं, तेव्हा माझे सेल गेले. बॅटरी बाबा कामावर घेऊन गेले, ती परत आलीच नाही. कपडे वाळत घालायला दोरी गेली. धाकट्या बिट्टीचा गुडघा फुटला, मलमपट्टी गेली. मुदत संपली म्हणून गोळ्या फेकल्या. मी हलकी झालेली आजीला कळलं असतं, म्हणून नळदुरुस्ती करणाऱ्या बाबांनी निकामी नळ माझ्यात कोंबले. आजी तोलायची, “आहे बाई जड.” माझा जीव नुसता टांगणीला!

आणि एका संध्याकाळी पाणी आलंच. दिवे गेले. आजी ओरडली, “आधी पिशवी घ्या!” सगळे गच्चीवर धावले. मी आजीच्या मांडीवर. खाली पाणी एकेक पायरी चढत होतं.

“रडू नकोस गं बिट्टी. पिशवी आहे ना आपल्याकडे,” आजी म्हणाली. मित्रांनो, मी भीतीने गारठले. पाण्यापेक्षा मला माझ्याच पोटाची भीती वाटत होती.

दूर एका नावेचा दिवा दिसला.

“अरे, बॅटरी दाखव ना!” आजी म्हणाली. बाबा हलेनात. शेवटी आजीनेच माझी चेन ओढली, हात घातला आणि नळ बाहेर काढला.

“हे काय रे?”

“आई, सगळं फार महाग झालं होतं गं. तुला घोर नको म्हणून...” बाबा म्हणाले.

नाव दुसरीकडे वळू लागली. आईने हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्या विरून गेल्या. तेवढ्यात बिट्टीने मला उलटं केलं. नळांच्या ढिगातून शिट्टी घरंगळली. घरात कुणाच्या कामाची नव्हती, म्हणून तेवढी उरली होती. बिट्टी तोंड लालबुंद होईपर्यंत फुंकत राहिली. दिवा थांबला आणि आमच्याकडे वळला.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. आईने थोडं थोडं करून सामान भरलंय. भाव मात्र अजून चढतेच. काल टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले आणि बाबांचा हात हळूच माझ्या चेनपाशी आला.

“कोण आहे रे तिकडे?” आतून आजीने विचारलं.

“कुणी नाही,” म्हणत बाबांनी हात मागे घेतला.

मित्रांनो, तुमच्याही दाराआड माझी एखादी बहीण असेल. तिला नुसती उचलून बघू नका. आज, आत्ता, उघडून बघा.