उघडा माइक

चौघांचं ते पथक कधी एका छताखाली आलं नव्हतं. बोलक्या पुस्तकाचं काम आलं की मुकादम फोन फिरवायचा आणि सगळे आपापल्या घरी बसून कामाला लागायचे. मुकादम हे त्याचं टोपणनाव. माणसं जमवून काम तडीला नेणं हा त्याचा धंदा. चित्रं काढणारी मुलगी म्हणजे पेन्सिल, हेही टोपणनावच. गोष्टी वाचायचे काका, साठी उलटलेले, एकटे राहणारे. आणि रेकॉर्डिंगमधला आवाज साफ करायची ती, जिला सगळे कानताई म्हणत. काम संपलं की पथक मोडायचं, नवं आलं की पुन्हा जुळायचं. दोन वर्षांत काकांचा श्वाससुद्धा कानताईला ओळखू यायला लागला होता, पण रस्त्यात ते समोरून आले असते तर तिनं नुसतं बाजूला होऊन त्यांना वाट दिली असती.

त्या दुपारी काका त्यांच्या खोलीत वाचत होते आणि ती आपल्या जेवणाच्या टेबलाशी हेडफोन लावून ऐकत होती. चुकलं की अडवायचं, हे तिचं काम. आज काकांची जीभ घसरत होती. तिनं दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा हसून म्हणाली, "काका, जेवण अंगावर आलेलं दिसतंय."

काकाही हसले. पुन्हा वाचायला लागले, आणि अर्ध्या वाक्यात थांबले. खुर्ची करकरली. मग धप्प असा आवाज आला.

तिनं हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर नाही. पण माइक उघडा होता, आणि त्यातून एक घरघरता श्वास येत होता. जेवण नव्हतं अंगावर आलेलं. आणि आपण थट्टा केली.

एका हातानं हेडफोन कानावर दाबून धरत तिनं मुकादमला फोन लावला आणि काकांचा पत्ता मागितला. तो नुसता चाचपडत राहिला. करारावर काकांच्या परगावच्या लेकीचा पत्ता होता, लेक फोन उचलत नव्हती. रुग्णवाहिकेच्या नंबरावरची बाई शांतपणे विचारत होती, पेशंट कुठं आहे? तेच तर कुणाला ठाऊक नव्हतं. एवढा कानाशी असलेला माणूस, आणि त्याचं दार कुठं आहे ते माहीत नाही.

मुकादमनं पेन्सिलला जोडून घेतलं. ती काकांच्याच शहरात राहायची. एकदा तिनं त्यांना चित्रं पाठवली होती, बाजारामागच्या वस्तीत. पण मग त्यांनी घर बदललं. "दोनच गल्ल्या सरकलो, असं म्हणाले होते," ती म्हणाली. कुठल्या बाजूला, ते तिनं विचारलं नव्हतं. बोलता बोलताच ती स्कूटर काढत होती.

काका खिडकी उघडी ठेवायचे. रस्त्यावरचे हॉर्न पुसता पुसता कानताईच्या नाकी नऊ यायचे. ते आठवलं आणि ती म्हणाली, "तिथं पोचलीस की प्रत्येक गल्लीत तीन लांब हॉर्न वाजव. मी ऐकते."

वीस मिनिटं ती काकांशी बोलत राहिली. पेन्सिल निघालीय, मी इथंच आहे, असं काहीबाही. त्यांना ऐकू येत होतं की नाही, देव जाणे. दोन श्वासांमधलं अंतर वाढतंय असं तिला वाटायचं, मग वाटायचं, आपणच भ्यायलोय. एकदा श्वास इतका लांबला की ती खुर्चीतून उठून उभी राहिली, जणू उठल्यानं तिकडं काही होणार होतं.

"वाजवते," पेन्सिल म्हणाली. माइकमधून काहीच आलं नाही. दुसरी गल्ली, काही नाही. तिसऱ्या गल्लीत मात्र श्वासामागे बारीकसे तीन सूर उमटले.

"आला! पुढे जा."

पुढे गेल्यावर आवाज विरला. तिनं मागे फिरायला सांगितलं, पुन्हा वाजवायला लावलं, आणि आता हॉर्न इतका जवळून आला की ती दचकली. पेन्सिलनं समोरच्या दुकानदाराला विचारलं. गोष्टी वाचतात ते ना, दुसरा मजला, म्हणून त्यानं बोट दाखवलं. मुकादमनं पत्ता रुग्णवाहिकेला कळवला.

मग कानताईला दारावरचे धक्के ऐकू आले, तेही आतल्या बाजूनं. कुणीतरी पहार आणली. लाकूड तडकलं तेव्हा आपल्याच पाठीमागचं दार फुटलं असं वाटून तिनं मान वळवली. आणि श्वास ऐकू येईना. पावलं, गलका, काहीतरी ओढल्याचा आवाज. त्या सगळ्यात तो शोधून सापडेना.

"ताई," पेन्सिलचा आवाज माइकमधून आला, "आहेत. डोळे उघडे आहेत त्यांचे."

कानताईला रडूही आलं नाही. तिनं नुसतं टेबल घट्ट धरलं.

काका वाचले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. पाच आठवड्यांनी कानताई बसनं त्यांच्या शहरात गेली. लेकीनं दार उघडलं. आतला माणूस तिनं कल्पलेल्यापेक्षा कितीतरी बुटका होता, उजवा हात मांडीवर निपचित.

ती उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, मला कळायला हवं होतं. मी हसले."

शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला. "मला... तरी... कुठं कळलं," ते म्हणाले, आणि पलंगावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.

घरी परतल्यावर तिनं दुसरी किल्ली शेजारच्या वहिनींना दिली आणि पत्ता तिघांनाही कळवला. पथकात सगळ्यांनीच तसं केलं. तरी भीती काही पुरती गेली नाही. अजूनही कामाच्या बोलण्यात पलीकडचा माणूस नुसता पाणी प्यायला थांबला, तरी ती विचारते, "आहात ना?" आणि उत्तर येईपर्यंत तिचा श्वास अडकलेला असतो.