लेनाचे हृदय उत्तम होते

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, मित्रांनो. सध्या पडेगावच्या एका दवाखान्यात खुंटीला लटकलेला असतो. जन्म मात्र जर्मनीतला.

माझे पहिले मालक डॉक्टर होल्त्स. मुलांच्या छातीला लावण्याआधी ते मला तळहातात धरून ऊब देत. फिट येणाऱ्या छोट्या लेनाला त्यांनी पाच वर्षे तपासले. ती त्यांना बिलगायची.

पुढे ते नाझी पक्षात गेले आणि अख्ख्या प्रांताचे प्रमुख झाले. लोक सलाम ठोकू लागले. मी टेबलाच्या खणात पडलो. वर याद्या येत. त्यांत वेड्यांची, अपंगांची, फिट येणाऱ्यांची नावे असत. सही झाली की काचा रंगवलेली करडी बस त्यांना न्यायला यायची. परतताना ती रिकामी असे. काही दिवसांनी घरच्यांना मृत्यूची चिठ्ठी मिळे.

एके दिवशी लेनाची आई तिला घेऊन आली. "डॉक्टर, एकदा तपासा तरी!"

त्यांनी मला काढले, सवयीने ऊबही दिली. लेना हसली.

"हृदय उत्तम आहे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने यादीवर सही केली. मी अजून तिच्या छातीवरच होतो.

ती गेल्यावर त्यांनी मला स्वतःच्या छातीला लावले. एकही ठोका चुकला नव्हता. मी गारठलो.

युद्धानंतर त्यांना पकडले, सामान विकले गेले. या हातातून त्या हातात फिरत मी मुंबईच्या जुन्या बाजारात आलो. तिथून डॉक्टर गयास यांनी मला पडेगावला आणले.

निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दोन वर्षे झाली होती. गावातले वजनदार तात्यासाहेब आपल्या विधवा भावजयीला, आवडाबाईला घेऊन आले.

"ही वेडी झालीय. तसा दाखला द्या, इस्पितळात टाकतो." मग आवाज खाली आला. "तुमच्या लोकांचे दिवस नाजूक आहेत, डॉक्टर. एका सहीनं काय बिघडतंय?"

गयासांनी पेनाचे टोपण काढले. सहीआधीचा तो टोपणाचा आवाज माझ्या ओळखीचा होता. मग त्यांनी मला आवडाबाईच्या छातीला लावले. काळीज नुसते धडधडत होते.

"बाई, काय झालं? तुम्हीच सांगा."

"नवऱ्याचं वावर मागितलं, म्हनून येडी ठरवलंय. मी येडी नाय."

पेन कागदावर करकरू लागले. माझी नळी थिजली.

गयासांनी लिहिलेले मोठ्याने वाचले, "बाई पूर्ण शुद्धीवर आहे. फक्त भ्यालेली आहे."

आवडाबाई फुलंब्रीला भावाकडे गेली. आठवड्याच्या आत दवाखान्याच्या खिडक्या दगडांनी फुटल्या. गयासांनी काचा वेचल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

मित्रांनो, डॉक्टर व्हा, साहेब व्हा. पण समोरचे माणूस बोलत असेल, तेवढा वेळ पेन खाली ठेवा.