सलोनिकाच्या धक्क्यावरचा खांब

मित्रांनो, बोटींचे दोर घासून घासून माझ्या मानेला खोल खाचा पडल्या आहेत. ग्रीसमधल्या सलोनिका बंदराच्या धक्क्यावर अर्धा पुरलेला संगमरवरी खांब तो मीच. रोमनांनी मला देवळासाठी घडवले. पुढे त्या देवळाचे चर्च झाले, तुर्क आल्यावर मशीद झाली. मी आपला छप्पर तोलत राहिलो. भूकंपात ते कोसळले आणि मला ओढत इथे आणले.

स्पेनमधून हाकललेले ज्यू याच बंदरात उतरले. पिढ्यान्‌पिढ्या इथली ओझी त्यांनीच वाहिली. तुर्क गेले, ग्रीकांचे राज्य आले, हमाल तेच राहिले.

मेर नहमियास हा त्यांच्यातलाच. त्याचा धाकटा भाऊ दाविको पॅलेस्टाईनमधल्या हैफाच्या बंदरात कामाला निघाला, तेव्हा दोघे माझ्यापाशीच उभे होते.

"दादा, चल ना. शेजारची आपल्या लोकांची वस्ती पेटवली यांनी, अजून काय बघायचं राहिलंय?"

"मला बोटीत ओकाऱ्या होतात. आणि सगळेच गेलो तर आईच्या थडग्याकडे कोण बघेल?"

"यायचं नाही म्हण सरळ. आईवर कशाला ढकलतोस?"

मेर हसला. दाविको एकटाच गेला.

मग जर्मन आले. ज्यूंची दफनभूमी फोडली गेली, थडग्यांचे दगड धक्क्याच्या फरशीसाठी आले. ते बसवायला हमालांनाच जुंपले होते. एके सकाळी मेरच्या हाती आईचा दगड आला. तो कुठे न्यावा, कुठे लपवावा? पहारेकरी ओरडत होता. मेरने दगड उलटा केला आणि नावाची बाजू खाली ठेवून माझ्या पायथ्याशी बसवला.

"आई, तुझ्या नावावर कुणाचा पाय पडणार नाही," तो पुटपुटला.

वसंतात त्याला आणि त्याच्या साऱ्या लोकांना आगगाड्यांत कोंबून उत्तरेकडे नेले. मेर परतला नाही. बंदरात दुसरे हमाल आले.

लढाई संपल्यावर दाविको आला.

"तुमच्या थडग्यांचे दगड शहरभर लागलेत," कॉफीवाल्याने खाली मान घालून सांगितले. "इथे धक्क्यावरही आहेत."

दाविको दिवसभर वाकून फरशीवरची अक्षरे वाचत फिरला. शेवटी दमून मला टेकला, तेव्हा त्याचे दोन्ही पाय आईच्या दगडावर होते. सांगावे असे फार वाटले, पण खांबाला तोंड कुठले? संध्याकाळच्या बोटीने तो परत गेला.

मित्रांनो, कधी जुन्या बंदरात आलात तर जरा हळू चाला. पायाखालच्या दगडाला खालची बाजूही असते.