फाळ तापतो तेव्हा

सासूबाईंनी नांगराचा फाळ चुलीत खुपसला तो माझ्या आईसाठी. तोंडाने म्हणाल्या, "लोणी चोरणारीसाठी." पण आमच्या माळावरच्या घरी सकाळी येणारी बाई एकच होती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आईच्या गळक्या झोपडीत रात्रीचा विस्तव सकाळपर्यंत टिकत नसे. ती रोज मडकं घेऊन निखारे मागायला यायची.

रीत सगळ्यांना माहीत आहे. लोणी येईनासं झालं की दाराला अडसर घालायचा, फाळ लाल करायचा आणि घुसळत राहायचं. ज्या चेटकिणीने लोणी पळवलं तिची आतडी जळायला लागतात आणि ती काहीतरी मागायच्या निमित्ताने दार ठोठावते. पहिली येईल ती चेटकीण. गेल्या साली खालच्या गावातल्या टिबीला अशीच धरली. मीठ मागायला आली होती बिचारी. तिला खांबाला बांधून जाळलं आणि आमचे लोक भाकरी बांधून घेऊन बघायला गेले.

साक्षीला बेथियाला बोलावलं होतं. तिचा नवरा चर्चच्या पंचांपैकी एक. हिला सकाळी कळलेलं पंचांना दुपारी कळायचं. अडसर घातला माझ्या नवऱ्यानेच, गॅविनने, आणि जाऊन कोपऱ्यात बसला. स्वतःच्या आईपुढे ब्र काढायची त्याची कधी छाती झाली नाही. पाळण्यात आमचं लेकरू झोपलं होतं. मी पहाटेपासून साय घुसळत होते, पण लोणी येत नव्हतं.

"हात चालव गं," सासूबाई म्हणाल्या. "की आईची माया आड येते?"

"साय गार आहे. चुलीजवळ ठेवली असती तर..."

"हे तुझ्या आईचं शहाणपण! चर्चच्या दारात चार बायांत म्हणाली होती ना, ह्या ग्रिझेलच्या लोण्यात केस इतके की वेणी घालावी. विसरले नाही मी."

एवढ्यासाठी माझी आई जाळायची होती. मला शिसारी आली त्या बाईची.

आई यायच्या आत लोणी आलं, तर चोरीच झाली नाही असं ठरेल, असं मला वाटलं. दोघी फाळाकडे वळल्या तशी मी किटलीतलं ऊन पाणी घुसळायच्या पिंपात ओतलं आणि खांदे निखळेपर्यंत घुसळलं. हळूहळू दांडा जड झाला.

"आलं! लोणी आलं! कुणी चोरलेलं नाही. गॅविन, अडसर काढ."

"हात लावू नकोस!" बेथिया ओरडली. "अगं वेडे, फाळाने गुण दिला म्हणून तर आलं. आता ती तिकडे तडफडत असेल. येईलच बघ."

लोणी नाही आलं तरी आई चेटकीण, आलं तरी आईच चेटकीण. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असल्या लोकांशी वाद घालून काय होणार होतं?

"वासरू सुटलंय वाटतं," असं म्हणून मी गोठ्यात शिरले. गोठा घराला लागूनच आहे. त्याच्या मागच्या दाराला अडसर घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. वळसा घालून मी पुढे धावले. आई मडकं घेऊन कुंपणापाशी पोचली होती. मी तिला हाताने खुणावून तिथेच थांबवलं आणि आमचंच दार ठोठावलं.

"कोण? काय हवं?" सासूबाईंचा आवाज आनंदाने चिरकला होता.

"विस्तव," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"ऐकलंस, बेथिया? शपथेवर सांगशील ना? हीच ती चेटकीण!"

दार उघडलं. त्यांचा चेहरा बघून माझी भीतीच पळाली.

"बोला सासूबाई. पहिली मी आले. तुमच्या लेकाची बायको, तुमच्या नातवाची आई. सांगा हिला, पंचांना कुणाचं नाव द्यायचं ते. चेटकिणीच्या अंथरुणात कोण झोपतो आणि तिच्या दुधावर कोण वाढतं, तेही पंच विचारतीलच."

गॅविन ताडकन उठला. "आई, बस झालं!"

बेथियाचे डोळे चकाकत होते. तिला कुणीही चाललं असतं. "सांग ना ग्रिझेल, घरी काय सांगू मी?"

सासूबाईंनी पाळण्याकडे पाहिलं. "साय गार होती," त्या कशाबशा म्हणाल्या. "ऊब लागली, लोणी आलं. चोरीबिरी काही नाही."

मग मी आईला हाक मारली. तिने दारातूनच चुलीतला फाळ पाहिला आणि सगळं ओळखलं. घाबरली असेल, पण मडकं पुढे करून म्हणाली, "भर गं ग्रिझेल. हात आखडू नकोस."

सासूबाईंनी स्वतःच्या हाताने निखारे भरले.

नांगरणी संपली, तरी त्या फाळ कोठारात ठेवू देत नाहीत. तो चुलीशेजारीच असतो. आईला मी बजावलंय, आमच्या दाराशी फिरकायचं नाही. उजाडता उजाडता मीच तिला विस्तव पोचवून येते. परत येते तेव्हा दाराला अडसर असतो, आता गोठ्याच्या दारालाही असतो. आत माझं लेकरू रडत असतं. मी दार ठोठावते.

"कोण? काय हवं?" सासूबाई विचारतात.

"मी आहे," एवढंच मी म्हणते. मागत काहीच नाही.