चार कुलपांची गच्ची

मित्रांनो, दाराला टेकू नका, लांबूनच ऐका. मी एक जुने पितळी कुलूप आहे. माणसांवर विश्वास ठेवायला मला कुणी शिकवलेच नाही. ज्या कारागिराने मला घडवले, त्यानेच मला आधी हिसके देऊन पाहिले!

मला शिंपीणकाकूंनी आणले. त्यांच्या इमारतीत चार घरे आणि सगळ्यांची मिळून एकच गच्ची. पूर्वी तिच्या दाराला नुसती कडी होती. मग एकदा तळमजल्यावरच्या मास्तरांची कोरी चादर दोरीवरून नाहीशी झाली.

"चोर बाहेरचा नाही," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले आणि त्यांनी दाराला आपले कुलूप ठोकले.

"गच्ची काय एकट्याची आहे? आमचाही हक्क आहे!" म्हणत वायरमनने दुसरे लावले. नर्सबाईंनी तिसरे लावले, काकूंनी मला. आता चौघे जमल्याशिवाय दार उघडेना. बंद करायचा हक्क प्रत्येकाला, उघडायचा कुणालाच नाही. घ्या!

एका दुपारी वाळलेले कपडे काढून चौघे खाली उतरले. प्रत्येकाने आपापले कुलूप लावून ओढून पाहिले. वर कुणी राहिले का, हे मात्र एकानेही पाहिले नाही. मास्तरांचे म्हातारे वडील टाकीच्या आडोशाला डुलकी घेत होते.

थोड्या वेळाने गच्चीकडून दार धडधडू लागले. काकू धावत आल्या. त्यांनी मला उघडले, पण बाकीची तीन तशीच! वायरमन कामावर, नर्सबाई ड्यूटीवर, मास्तर बाजारात. ऊन तर नुसते भाजत होते.

"आजोबा, बोलत राहा हो!" काकू ओरडत होत्या. पलीकडून उत्तर येईनासे झाले. खरे सांगतो, मी घाबरलो. शेवटी काकूंनी हातोड्याने तिन्ही कोयंडे तोडले.

आजोबा भिंतीला धरून उभे होते. डोक्यावर उन्हासाठी एक विटकी चादर. "टाकीमागे अडकली होती," ते कसेबसे म्हणाले. मास्तर तेवढ्यात पिशवी घेऊन जिना चढले. त्यांना आधी चादर दिसली, मग वडील. ते पायरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले.

त्या दुपारी शेवटचे कुलूप कुणी लावले, हे मला ठाऊक आहे. सांगणार नाही. चौघे एकाच माळेचे मणी!

आता दाराला मी एकटाच आहे. माझी किल्ली जिन्यातल्या खिळ्यावर असते, सगळ्यांसाठी. मला लावण्याआधी "वर कुणी आहे का?" अशी हाक मारायची, असे ठरले आहे. मास्तर तर वर जाऊन टाकीमागेही बघून येतात.

मित्रांनो, आपल्या हक्काचे कुलूप खुशाल लावा. पण आधी हाक मारा, आणि उत्तराची वाट पाहा. काल वायरमनने हाक मारली खरी, पण तो थांबला नाही. माझे लक्ष आहे.